कोच घ्यावा की थेरपिस्ट गाठावा?

मी एचआरमध्ये आहे. चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. नातेवाइकांच्या मते माझं काम म्हणजे लोकांना नोकरीला लावणं नाहीतर काढणं. पण त्यातला एक भाग असा की मॅनेजर मंडळींसाठी कोच शोधायचे, त्यांच्याशी करार करायचे आणि सहा महिन्यांनी पैसे वसूल झाले का ते बघायचं, हे माझ्याकडे आहे. शिवाय मी स्वतः कोचिंगही घेतलंय आणि थेरपीही. त्यामुळे "नेमकं कुणाकडे जाऊ?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. बहुतेक वेळा रात्री अकरानंतर, व्हॉट्सॲपवर, आणि "एका मित्रासाठी विचारतोय" अशी सुरुवात करून.

याचं एक तयार उत्तर सगळीकडे फिरत असतं. थेरपी भूतकाळावर काम करते, कोचिंग भविष्यावर. स्लाइडवर दोन रकाने पाडायला हे फार सोयीचं आहे आणि मीही ते ट्रेनिंगमध्ये इतरांकडून अनेकदा ऐकलंय. माझ्या बाबतीत मात्र अगदी उलटं झालं. माझ्या वडिलांचा विषय निघाला तो कोचसमोर, आणि थेरपिस्टबरोबरचे कित्येक आठवडे गेले ते पुढच्या रविवारी कात्रजच्या बोगद्यातून गाडी कशी न्यायची, यात. ते सविस्तर सांगतेच, पण आधी कोचिंग.

आमच्याकडे एक प्रॉडक्शन मॅनेजर आहेत. डिप्लोमा करून शॉप फ्लोअरवरून वर आलेले, नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे. प्रमोशन झालं, हाताखाली चार सेक्शन इनचार्ज आले. तरी सेकंड शिफ्टला लाइन थांबली की रात्री दहाला हे स्वतः गाडी काढून प्लँटवर हजर. हळूहळू इनचार्ज लोकांनी निर्णय घेणंच सोडलं. "साहेब येतीलच ना." मग घरून तक्रारी, मग माझ्याकडे. आम्ही त्यांना कोच दिला, उत्पादन क्षेत्रातच आयुष्य काढलेला एक शांत माणूस. त्यातली एक भेट त्यांनी मला कँटीनमध्ये मिसळ खाता खाता सांगितली. कोचने विचारलं, "काल रात्री तुम्ही गेलात. तिथे जाऊन तुम्ही असं काय केलंत, जे तुमच्या इनचार्जला जमलं नसतं?" साहेब बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काहीच नाही. तो टूल बदलतच होता. मी फक्त शेजारी उभा होतो."

कोचने ना शाबासकी दिली, ना उपदेश. "मग पुढच्या वेळी काय करायचं?" असं विचारून तो थांबला. साहेबांनीच ठरवलं: अर्ध्या तासापर्यंतचा स्टॉपेज इनचार्जने बघायचा, त्यापुढे गेला तर फोन करायचा, आणि फोन आला तरी गाडी काढायची नाही. पहिल्यांदा लाइन थांबली, त्या रात्री ते साडेअकरापर्यंत हॉलमध्ये बूट घालून बसले होते, असं त्यांच्या मिसेसनी नंतर हसत सांगितलं. पण गेले नाहीत. सहा महिन्यांत सेकंड शिफ्ट त्यांच्याशिवाय चालायला लागली.

कोचिंग म्हणजे साधारण एवढंच, आणि ते कमी नाही. टिमोथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिस शिक्षकाने १९७० च्या दशकात असं मांडलं की खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच डोक्यात बडबडत असतो, आणि शिक्षकाने सूचनांचा मारा कमी करून त्याचं लक्ष योग्य जागी नेलं तर तो आपोआप सुधारतो. जॉन व्हिटमोर या एकेकाळच्या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हरने ते कंपन्यांमध्ये नेलं. आज बहुतेक कोच वापरतात ती चौकट तिथलीच: कुठे जायचंय, आत्ता कुठे आहात, कोणकोणते पर्याय आहेत, आणि यातलं तुम्ही नक्की काय करणार. बारकाईने बघितलं तर या सगळ्याखाली एक गृहीतक आहे. समोरचा माणूस ठरवू शकतो, आणि ठरवलेलं करू शकतो. साहेबांना बूट घालून बसावं लागलं, पण बसता आलं.

माझं हेच गृहीतक एका बोगद्यात गळून पडलं.

मला हेड म्हणून बढती मिळाली तेव्हा कंपनीने मलाही कोच दिली होती. काम ठरलेलं: प्लँट हेड लोकांसमोर मीटिंगमध्ये ठामपणे "नाही" म्हणता येणं. माझे वडील वाईजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. घरात मोठ्यांचं बोलणं संपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि संपल्यावर उघडायचं कारणच उरत नाही, अशा वातावरणात मी वाढले. हे कोचसमोर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच बाहेर आलं. डोळे भरून आले, तिने टिश्यू पुढे केला. आणि मग म्हणाली, "बरं, येत्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये ओव्हरटाइमचा विषय निघाला की तुमचं पहिलं वाक्य काय असेल?" आम्ही ते वाक्य लिहिलं, मी ते घरी आरशासमोर म्हटलं, गुरुवारी वापरलं, चाललं. वडील आले, पण त्यांचा मुक्काम झाला नाही. जुन्या गोष्टीला हात लावायचा आणि गुरुवारवर परत यायचं, हे चांगल्या कोचला नीट जमतं.

हे चालू असतानाच, गणपतीच्या थोडं आधी, मी मुंबईचा रिव्ह्यू आटपून एक्स्प्रेसवेने एकटी परत येत होते. माडप बोगद्यात ट्रॅफिक थांबलं. पुढे कंटेनर, बाजूला शिवनेरी. एकाएकी छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण इथेच जाणार, आणि कुणाला आपल्यापर्यंत पोहोचताही येणार नाही, एवढा एकच विचार डोक्यात. गाडी फूड मॉलपर्यंत कशी आणली ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुण्यात आल्यावर ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड सगळं झालं. सगळं नॉर्मल. फिजिशियन म्हणाले, पॅनिक अटॅक दिसतोय, मानसोपचारवाल्यांना दाखवा. मी "हो" म्हटलं आणि दाखवलं नाही.

पुढचे दोन रिव्ह्यू मी जुन्या हायवेने खोपोलीवरून जाऊन केले. ट्रेनने जावं म्हटलं तर बोरघाटात बोगदेच बोगदे. तिसरा रिव्ह्यू टीम्सवर केला, सर्दीचं कारण सांगून. कोचने आठवड्याच्या यादीत "मुंबईला प्रत्यक्ष जाणं" लिहिलं होतं, ते काही होईना. दर वेळी मी शहाण्यासारखी कारणं सांगायची, नवं ठरवायची, आणि पुन्हा तेच. एकदा तिने वही मिटली. म्हणाली, "मला वाटतं, आता मी प्रश्न विचारत राहणं बरोबर नाही. तुम्ही ठरवताय आणि शरीर ऐकत नाहीये. यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागेल, मी ती नाही. आपलं काम थांबवू या. तुमच्या कंपनीला मी फक्त 'सेशन्स पुढे ढकलली' एवढंच कळवेन."

इतक्या कोचना मी कामाला लावलंय, पण माझं सगळ्यात चांगलं कोचिंग सेशन सांगायचं तर हेच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या नियमावलीत आपल्या आवाक्याबाहेरचं काम योग्य व्यावसायिकाकडे पाठवण्याची अपेक्षा आहेच. पण चालू करारातले पैसे सोडून तसं करणारे किती, हे मी बिलं पास करणारी असल्यामुळे जाणते.

आता थेरपी. एरंडवण्यात एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझ्या थेरपिस्टबाईंची खोली. सोफा वगैरे नाही, दोन खुर्च्या आणि एक टेबल. पहिल्या भेटीत त्यांनी माझे सगळे रिपोर्ट बघितले, चहा-कॉफी किती, झोप कशी, घरात कुणाला असा त्रास होता का, जीव नकोसा होतो का, हे सगळं इतक्या सहजपणे विचारलं की लाजायला वेळच मिळाला नाही. मग कागदावर एक वर्तुळ काढलं. धडधड, "हार्ट अटॅक येतोय" हा विचार, त्यामुळे भीती, भीतीमुळे आणखी धडधड. बोगदा त्या वर्तुळात कुठेच नव्हता. म्हणाल्या, "तुम्ही बोगद्याला घाबरत नाही, धडधडीला घाबरता."

पुढच्या भेटीत त्यांनी ड्रॉवरमधून ज्यूसच्या टेट्रापॅकची बारीक स्ट्रॉ काढली. नाक धरायचं आणि मिनिटभर फक्त त्या स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. मला वाटलं, चेष्टा करतायत. वीसेक सेकंदांत छातीवर दडपण, डोकं हलकं, बोटांना मुंग्या. हुबेहूब माडप! घड्याळ टेबलावर होतं. स्ट्रॉ काढल्यावर काही न करता नुसतं बसून राहायचं आणि ते सगळं स्वतःहून उतरताना बघायचं. उतरलं. मग खुर्चीत गोल फिरणं, जागच्या जागी धावणं. हे घरी रोज करायचं, आणि आधी भीती शंभरपैकी किती, नंतर किती, ते वहीत लिहायचं. माझी मुलगी म्हणायची, "आई, तू पैसे देऊन हे शिकतेस?"

मग बोगदे. आम्ही पायऱ्या ठरवल्या. बायपासवरचा कात्रजचा नवा बोगदा, नवरा चालवतोय आणि मी शेजारी. मग मी चालवतेय आणि तो शेजारी. मग मी एकटी. मग तेच संध्याकाळच्या गर्दीत. मग एक्स्प्रेसवेवर कामशेत, आणि शेवटी पनवेलकडचे माडप आणि भाताण. मधेच त्यांनी विचारलं, "गाडीत सोबत काय काय ठेवता?" पाण्याची बाटली मांडीवर, काच खाली, नवऱ्याला फोन लावून स्पीकरवर. हे त्यांनी एकेक करून काढून घेतलं. बाटली डिकीत, फोन पर्समध्ये. माझं म्हणणं, पाण्याने काय बिघडतं? त्यांचं उत्तर, पाण्याने बिघडत नाही, पण तुम्ही वाचलात ते बाटलीमुळे असं मेंदू समजतो. बाटली डिकीत टाकायला मला स्ट्रॉपेक्षा जास्त हिंमत लागली.

या उपचाराला सीबीटी म्हणतात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी. ॲरन बेक यांनी फिलाडेल्फियात १९६० च्या दशकात त्याचा पाया घातला, आणि पॅनिकसाठी तो भरपूर तपासला गेलेला उपचार आहे. साधारण बारा ते वीस भेटींचा हिशेब असतो. यात गृहपाठ आहे, ध्येय आहे, आकडे आहेत, पुढचा रविवार आहे. रकाने पाडणाऱ्यांच्या हिशेबाने हे कोचिंग व्हायला हवं. मग हेच माझ्या कोचने केलं असतं तर काय बिघडलं असतं? स्ट्रॉ तर दुकानात मिळते. फरक असा की थेरपिस्टबाईंनी आधी माझ्या हृदयाचे रिपोर्ट बघितले. पॅनिकच्या मागून नैराश्य येत असतं, ते येतंय का हे त्या दर भेटीत बघत होत्या. व्यायाम उलटला तर काय करायचं हे त्यांना माहीत होतं, गरज पडली तर कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे औषधासाठी पाठवायचं तेही ठरलेलं होतं. आजार ओळखायची आणि त्याची जबाबदारी घ्यायची तयारी त्यांच्या शिक्षणात होती. कोचच्या शिक्षणात ती नसते, आणि चांगली कोच तसा आवही आणत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ जास्त होण्याचं एक कारण मला वाटतं ते असं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली, ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांनी ती व्याख्यानं-शिबिरांतून घराघरांत नेली. "माझा बॉस माझ्याशी नीट वागलाच पाहिजे" यातला 'च' काढा, हे आपल्याकडे आजारी नसलेली माणसंही एकमेकांना सांगतात. चांगलंच आहे ते. पण त्यामुळे तेच तंत्र शिबिरात ऐकणं, कोचकडून वापरून घेणं आणि उपचार म्हणून घेणं, यातल्या भिंती पातळ दिसतात.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण इथे लोक सर्वात कमी चौकशी करतात. फ्रीज घेताना करतात त्याच्या निम्मीही नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर. या क्षेत्रातल्या लोकांत औषध तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तपासण्या आणि थेरपी करतो. १९९२ च्या कायद्यानुसार त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते. एम.ए. झाल्यावर रुग्णालयातल्या कामासह दोन वर्षांचं एम.फिल. हा आतापर्यंतचा नेहमीचा रस्ता. नोंदणीचा सीआरआर नंबर असतो, तो मागायचा. मागितल्यावर कुणी रागावलं तर तेही एक उत्तरच. कौन्सेलर किंवा कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट यांच्यात मात्र एम.ए. करून वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेले उत्तम लोकही आहेत आणि तीन महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोमावर पाटी लावलेलेही. २०२१ च्या ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने हा वर्गही नोंदणीच्या कक्षेत आणलाय, पण सगळ्या पाट्या त्या गाळणीतून जाईपर्यंत चौकशी आपणच करायची.

कोच व्हायला आपल्या देशात कुठलाही कायदा आडवा येत नाही. उद्या मी "लाइफ कोच" असं लिंक्डइनवर लिहिलं तर मला कुणी अडवणार नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ सालची संस्था, तिची प्रमाणपत्रं हा त्यातल्या त्यात आधार. एसीसी या पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग, त्यावरच्या पीसीसीसाठी १२५ आणि ५००, सगळ्यात वरच्या एमसीसीसाठी २०० आणि २५०० तास. मी करार करताना पीसीसीच्या खाली सहसा जात नाही. पण लक्षात घ्या, यातला एकही तास आजार बरा करण्याचा नाही. एक गमतीची खूण सांगते, ती माझ्या टेबलावरच दिसते: मोठ्या कोचच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. क्लिनिकमधल्या उपचारावर नसतो, कारण तो आरोग्यसेवेत धरला जातो. सरकारने निदान एवढा फरक केलाय.

कंपनीकडून कोच मिळतोय म्हणून खूश झालेल्यांसाठी थोडं आतलं सांगते. तो करार दोघांचा नसतो, तिघांचा असतो. पैसे कंपनी देते, त्यामुळे सुरुवातीला तुम्ही, तुमचे साहेब, कोच आणि एचआर अशी एक बैठक होते. ध्येयं लिहिली जातात, मध्ये एकदा आढावा होतो. आत काय बोललं गेलं ते कोचने सांगायचं नसतं, नुसती हजेरी आणि ध्येयाची प्रगती कळवायची असते. बहुतेक कोच हे पाळतात. तरीही "फक्त जनरल कल्पना द्या ना" असं कोचला फोनवर गोड आवाजात विचारणारे साहेब मी पाहिलेत. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: माझ्याबद्दल लेखी काय जाणार, कुणाला जाणार, आणि जाण्याआधी मला दिसणार का? नवऱ्याशी चाललेली भांडणं, रात्रीची दारू, आत्महत्येचे विचार, हे कंपनीने पैसे दिलेल्या खोलीत ठेवू नका. मी एचआरमध्ये असूनच हे सांगतेय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय आणि त्याचे अपवादही, जसं की कुणाच्या जिवाला धोका असेल तर. कोचिंगमधली गोपनीयता त्या करारातल्या एका कलमावर उभी असते.

पैशाचं थोडक्यात. पुण्यात थेरपीच्या एका भेटीचे मी हजारापासून अडीच हजारांपर्यंत आकडे ऐकलेत, कंपनीच्या कोचचे त्याच्या कित्येक पट. परवडत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपरच्या पैशात काम होतं, फक्त रांगेची तयारी ठेवून जायचं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मेडिक्लेममध्ये मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा असं २०१७ चा कायदा म्हणतो, पण बहुतेक पॉलिसी मुळात ॲडमिट झाल्याचेच पैसे देतात, त्यामुळे आठवड्याच्या थेरपीचा खर्च खिशातूनच जातो.

दोन्हीकडच्या ज्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं त्याही सांगून टाकते. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी "बालपणीचे घाव भरून काढणारे" कोच. शंभर माणसांना डोळे मिटायला लावायचं, सगळ्यात वाईट आठवण जागी करायची, रडारड झाली की संगीत, मग ग्रुप फोटो. सोमवारी त्या माणसाला कोण सांभाळणार? याच्या उलट, महिनोन्‌महिने नुसती मान हलवत "मग तुम्हाला कसं वाटलं?" विचारणारे थेरपिस्टही असतात. काय चाललंय, कशासाठी, आणि सुधारणा होतेय हे कशावरून कळणार, हे थेरपिस्टला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी विचारलं होतं. त्यांनी माझीच वही माझ्यासमोर उघडून ठेवली.

गेल्या वर्षी माझा कोल्हापूरचा मामेभाऊ, हिंजवडीत आयटीत आहे, त्याचा फोन आला. "ताई, मला एक भारी लाइफ कोच सांग. मोटिव्हेशनच राहिलं नाही बघ." रेटिंग घसरलं होतं, मॅनेजरशी वाजलं होतं. हे सगळं कोचिंगचंच दिसत होतं. पण मी झोपेचं विचारलं. पहाटे तीनला जाग येते म्हणाला, मग उजाडेपर्यंत मोबाइल. जेवण? "मामीला सांगणार नाही" असं मीच आधी म्हणून टाकलं, तेव्हा बोलला. वजन उतरलं होतं, आणि घरी गेला तेव्हा रविवारी पांढऱ्या रश्श्याची वाटी तशीच बाजूला सारली होती. कोल्हापूरच्या माणसाच्या बाबतीत हे लक्षण मी गंभीर धरते.

त्याला मी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरायला लावली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल: कशात रस वाटतो का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता वगैरे. मराठीतही आहे. सत्तावीसपैकी दहा किंवा त्याहून जास्त आलं तर तज्ज्ञाला दाखवायचं. ती काही निदान करत नाही, पण "मोटिव्हेशन नाही" या शब्दाखाली काय दडलंय ते समोर मांडते. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर कोच, पुस्तक, शिबिर सगळं बाजूला आणि त्याच दिवशी डॉक्टर. त्याचं तिथे शून्य होतं, एकूण मात्र दहाच्या बरंच वर. मग मी त्याला आधी फिजिशियनकडे पाठवलं, कारण थायरॉइड कमी असलं किंवा बी-१२ उतरलेलं असलं तरी माणूस असाच दिसतो. तिथून मानसोपचारतज्ज्ञ, औषध आणि सोबत थेरपी. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं तरी दहाव्या दिवशी त्याचा फोन आलाच, "काही उपयोग नाही गं." धरून ठेवावं लागलं.

दारू किंवा इतर व्यसन असतं तर रस्ता आणखी वेगळा होता. तिथे मी कोचचं नाव तर सोडाच, एकट्या थेरपिस्टवरही भागवत नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, सरळ तिथे.

या उन्हाळ्यात त्याचा पुन्हा मेसेज. झोप लागतेय, वजन परत आलंय, डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी करायला घेतलंय. आता त्याला टेक्निकल बाजू सोडून टीम लीड व्हायचंय, पण लोकांना काम सांगायला जीभ उचलत नाही. "आता तरी देशील का कोचचा नंबर?" या वेळी दिला. थेरपिस्टला आधी सांग म्हटलं, दोन्ही एकदम चालवायला हरकत नसते, फक्त दोघांना एकमेकांची माहिती हवी. त्याने फी विचारली. मी सांगितली. बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं.

"कंपनीकडून मिळतो का बघू?"

"बघ. पण करार पूर्ण वाचून सही कर, आणि एचआरशी जरा जपून."

"तू पण एचआरच आहेस ना?"

"म्हणूनच सांगतेय."